विगवाल्या न्हाव्याची जुनी खतावणी कशी वाचावी

वही उघडल्यावर लगेच गिऱ्हाइकांची नावं शोधू नका. मोह होतो, मला ठाऊक आहे. व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्ग गावात एडवर्ड चार्लटन नावाचा न्हावी होता, विगही बनवायचा. त्याची १७६९ पासूनच्या काही वर्षांची हिशेबवही टिकून राहिली आहे आणि तिच्यात थॉमस जेफरसन आणि पॅट्रिक हेन्री या अमेरिकेच्या स्वातंत्र्यलढ्यातल्या पुढाऱ्यांची नावं आहेत. हे कळल्यावर कुणाचंही बोट आधी त्या पानांकडे जाणार. पण अमुक थोर माणसानं दाढी करवली, एवढंच हाती लागलं तर त्यातून ना तो माणूस कळतो ना त्याचा न्हावी.

मी हिशेब तपासनीस म्हणून निवृत्त झाले. गेली काही वर्षं अमेरिकेतल्या वसाहतकाळच्या कारागिरांच्या वह्या, त्यांच्या छायाप्रतींवरून, ओळ न् ओळ उतरवून काढते. त्यातून एक सवय लागली आहे आणि तीच इथे सांगायची आहे. गिऱ्हाइकानं काय घेतलं ते खात्याच्या एका बाजूला असतं. त्यानं पैसे कधी दिले, कशात दिले, कुणाच्या हातून दिले ते दुसऱ्या बाजूला. न्हाव्याची चूल त्या दुसऱ्या बाजूवर पेटायची. वाचन तिथवर न्यायचं असेल तर आधी थोडी तयारी करावी लागते.

हातातली वही कोणत्या जातीची आहे ते ठरवा. त्या काळी व्यवस्थित धंदेवाईक तीन वह्या ठेवायचा. दिवसभरात जे घडेल ते भराभर टिपायची कच्ची वही, तीच नीट अक्षरात तारीखवार उतरवलेली रोजकीर्द, आणि माणूसवार खाती असलेली खतावणी. न्हाव्यासारखा कारागीर बऱ्याचदा दोनांवर भागवायचा, कधी एकावरच. ओळखायला सोपं आहे. तारखा सलग आणि माणसं मिसळलेली असतील तर ती कीर्द. पानाच्या माथ्यावर एकाचंच नाव असेल आणि समोरासमोरची दोन पानं मिळून एक हिशेब होत असेल, तर ती खतावणी. कीर्दीत नोंदीशेजारी समासात एखादा सुटा आकडा दिसतो. तो रकमेचा नसतो. ती नोंद खतावणीच्या कितव्या पानावर चढवली ते तो सांगतो. खतावणीला अक्षरवार सूची असेल तर तिथं आय आणि जे ही अक्षरं एकाच घरात सापडतील, यू आणि व्ही दुसऱ्या एका घरात. जॉन्सन सापडत नाही म्हणून हार मानण्याआधी आयच्या घरात पाहा.

आता डावं-उजवं. आपल्या देशी वहीत जमा डावीकडे आणि नावे उजवीकडे असतात. इंग्रजी खतावणीत नेमकं उलट. डाव्या पानावर गिऱ्हाइकाच्या नावे पडलेल्या रकमा, उजव्या पानावर त्याच्याकडून आलेली जमा. डावीकडची प्रत्येक ओळ बहुधा ‘टू’ या शब्दानं सुरू होते, उजवीकडची ‘बाय’नं. ‘टू अ विग’ म्हणजे त्याच्या नावे एक विग. ‘बाय कॅश’ म्हणजे त्याच्याकडून रोख जमा. उजव्या पानाच्या माथ्यावर ‘कॉन्ट्रा’ असा शब्द असतो, म्हणजे समोरची बाजू. पहिल्या महिन्यात मी जुन्या सवयीनं चार पानं उलट उतरवली होती. बेरजा जुळत होत्या, कारण बेरजेला बाजू कळत नाही. एका गिऱ्हाइकानं न्हाव्याला तीन विग विकल्याचं माझ्या कागदावर दिसलं तेव्हा चूक ध्यानात आली. म्हणून पहिल्या पानावर पेन्सिलीनं ‘नावे’ आणि ‘जमा’ असं आपल्या प्रतीवर लिहून ठेवा.

अख्ख्या खात्यावर मोठी फुली मारलेली किंवा तिरपी रेघ ओढलेली दिसली तर ते पान रद्द समजून सोडू नका. खातं मिटलं, किंवा शिल्लक पुढच्या पानावर नेली, याची ती खूण. फुलीवाली पानंच खरं तर सगळ्यात भरवशाची, कारण त्यांचा शेवट ठाऊक असतो.

पैशांसाठी सगळ्यात जास्त वेळ राखून ठेवा. १ पौंडाचे २० शिलिंग, १ शिलिंगाचे १२ पेन्स, १ पेनीचे ४ फार्दिंग. तीन रकान्यांत पौंड, शिलिंग, पेन्स असतील तर अडचण नाही. पण ओळीच्या मध्ये दर लिहिताना न्हावी तिरपी रेघ वापरतो. रेघेच्या डावीकडे शिलिंग, उजवीकडे पेन्स. २/६ म्हणजे अडीच शिलिंग. ४३/ म्हणजे ४३ शिलिंग, आणि तोच आकडा रकान्यात २ पौंड ३ शिलिंग असा उतरतो. संगणकावर तक्ता करताना मी सुरुवातीला साडेचार शिलिंगांसाठी ४.६ असं भरलं, चार शिलिंग सहा पेन्स म्हणून. यंत्रानं त्याचा दशांश धरला आणि वर्षाची बेरीज बिघडली. तेव्हापासून मी प्रत्येक रक्कम पेन्समध्ये करूनच भरते: पौंडांना २४० नं गुणायचं, शिलिंगांना १२ नं, मग सुटे पेन्स मिळवायचे. ४३ शिलिंगांचे ५१६ पेन्स झाले. बेरीज करा, भागाकार करा, आणि वाचणाऱ्यासाठी शेवटी परत पौंड-शिलिंगांत आणा. मूळ आकडा जसा लिहिला आहे तसा शेजारच्या रकान्यात ठेवायचाच.

त्याहून नाजूक गोष्ट म्हणजे पौंड कुणाचा? व्हर्जिनियाचा पौंड आणि लंडनचा पौंड नावाला सारखे, किमतीला वेगळे. प्रत्येक वसाहतीचं हिशेबाचं चलन निराळं होतं आणि हातात फिरणारी चांदी बहुतेक स्पॅनिश. तो स्पॅनिश डॉलर हीच आपली मोजपट्टी. इंग्लंडात त्याची किंमत साडेचार शिलिंग. व्हर्जिनियात आणि मॅसॅच्युसेट्समध्ये तोच डॉलर ६ शिलिंगांना चालायचा, पेनसिल्व्हेनियात साडेसात शिलिंगांना, न्यूयॉर्कमध्ये ८ शिलिंगांना. फिलाडेल्फियाचा न्हावी विल्यम्सबर्गच्या न्हाव्यापेक्षा महाग होता असं म्हणण्याआधी दोन्ही दर डॉलरमध्ये करून पाहा. पुष्कळ महागाई तिथेच विरते. बॉस्टनची वही १७५० च्या आधीची असेल तर आणखी सावध राहा. तिथे ‘ओल्ड टेनर’ नावाचं घसरलेलं कागदी चलन होतं आणि ते मोडीत निघालं तेव्हा एका डॉलरला ४५ शिलिंग पडत होते. त्या वहीतली दाढी साडेसातपट महाग दिसते, पण न्हाव्याच्या हातात चांदी तेवढीच पडायची.

डॉलरचे आठ भाग. व्हर्जिनियाच्या हिशेबानं एक भाग ९ पेन्स, म्हणजे पाऊण शिलिंग. म्हणून पाऊण, दीड, सव्वादोन, पावणेचार, साडेचार असे आकडे वहीत पुन्हा पुन्हा आले तर माझा कान टवकारतो. अशा रकमा बऱ्याचदा खऱ्या नाण्यांच्या असतात. गिऱ्हाइकानं चांदी काउंटरवर ठेवली. न्यूयॉर्कमध्ये तोच आठवा भाग बरोबर एक शिलिंग होतो, त्यामुळे तिथे ही युक्ती चालत नाही. आणि १७७५ नंतर अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा कागदी पैसा आला, दर भराभर वाढले. त्या वर्षांच्या किमती आधीच्या किमतींशेजारी मांडू नका.

तारखांचं थोडक्यात. १७५२ पर्यंत इंग्रजी कायद्यात नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. जानेवारी, फेब्रुवारी आणि २४ मार्चपर्यंतच्या तारखांना म्हणून दोन वर्षं जोडून लिहिलेली दिसतात, १७४९/५० अशी. आपल्या हिशेबानं ते १७५०. शिवाय १७५२ च्या सप्टेंबरात २ तारखेनंतर थेट १४ तारीख आली. मधले दिवस दुकान बंद होतं असा निष्कर्ष काढू नका.

अक्षराची भीती आठवडाभरात जाते. शब्दाच्या मधला एस उंच, एफसारखा दिसतो. ‘द’ या शब्दाऐवजी वायसारख्या अक्षरानं सुरू होणारं जोडाक्षरी चिन्ह येतं. जॉन, विल्यम, थॉमस यांची शेवटची अक्षरं वर बारीक काढून नाव आखूड केलेलं असतं. एकाच माणसाचं आडनाव एकाच पानावर तीन तऱ्हांनी लिहिलेलं सापडेल. ते जसंच्या तसं उतरवा आणि तुम्ही ठरवलेलं एकसारखं रूप वेगळ्या रकान्यात ठेवा. ‘ज्युनिअर’ म्हणजे मुलगाच असेल असं धरू नका. गावात त्या नावाचे दोघे असले की वयानं धाकट्याला ज्युनिअर म्हणायचे, मग तो पुतण्या असो की परका. थोरला वारला की धाकटा एका रात्रीत सीनिअर होतो आणि तुमच्या तक्त्यात दोन माणसांचं एक खातं होऊन बसतं.

आता धंद्याचे शब्द. इथे मी रमते, कारण साधे वाटणारे इंग्रजी शब्द न्हाव्याच्या दुकानात दुसराच अर्थ घेतात. ‘बकल’ म्हणजे बुटाचं बकल नव्हे, केसांचा वळवलेला कुरळा वळसा. ‘पाइप’ तंबाखूचा असेलच असं नाही. पांढऱ्या मातीच्या, मध्ये बारीक असलेल्या छोट्या नळ्या असायच्या, त्यांवर केस गुंडाळायचे. विल्यम्सबर्गच्या जमिनीतून अशा नळ्या निघाल्या आहेत आणि काहींच्या टोकांवर डब्ल्यू आणि बी ही दोन अक्षरं उमटवलेली आहेत. ‘ब्लॉक’ म्हणजे लाकडी डोकं, ज्यावर विग बसवून शिवायचा. ‘कॉल’ म्हणजे आतली जाळीची टोपी. ‘बॅग’ ही रेशमी पिशवी, मागची शेपटी तिच्यात घालायची. ‘ग्रिझल’ म्हणजे काळे-पांढरे केस मिसळलेला करडा रंग. ‘बॉब’ म्हणजे शेपटी नसलेला आखूड विग, रोजच्या वापराचा. ‘रॅमिलीज’ या विगचं नाव १७०६ च्या रॅमिलीजच्या लढाईवरून पडलं. त्याला मागे लांब वेणी, वर आणि खाली फीत. बायकांच्या खात्यात ‘टेट’ असा फ्रेंच शब्द भेटतो. गंगावन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जे येतं त्याच्याच जवळचं ते, फक्त डोक्यावर उंच रचायचं. ‘वॉश बॉल’ म्हणजे साबणाचा गोळा, आणि ‘रेझर सेट करणं’ म्हणजे वस्तऱ्याला धार लावून देणं.

दाढीच्या नोंदी तीन ढिगांत वेगळ्या करा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग सगळी वही ‘हजामत’ या एका शब्दात गुंडाळली जाते. पहिला ढीग चेहऱ्याच्या दाढीचा. दुसरा डोकं भादरण्याचा: विग वापरणारा माणूस डोकं भादरून किंवा केस अगदी बारीक ठेवायचा, नाहीतर वर विग बसत नाही. म्हणून डोकं भादरल्याची नियमित नोंद दिसली की तो विगवाला, मग वहीत विगची खरेदी असो वा नसो. त्यानं तो लंडनहून मागवलेला असेल. तिसरा ढीग केस विंचरून, पोमेड म्हणजे केसांचं सुवासिक मलम लावून, पावडर मारून देण्याचा. हा बहुधा स्वतःचे केस राखणाऱ्याचा. जॉर्ज वॉशिंग्टननं कधी विग घातला नाही. त्याचे स्वतःचेच केस होते, मागे बांधलेले आणि पावडर लावलेले. त्याच्यासारख्याच्या न्हाव्याच्या खर्चावरून ‘विग घेतला असणार’ असं लिहिलं तर चुकलंच. विग विंचरून देण्याची नोंद मात्र या तिन्हींपासून बाजूला काढा. विग डब्यात घालून नोकराबरोबर दुकानात पाठवता येतो. त्या नोंदीवरून मालक त्या दिवशी गावात होता हे सिद्ध होत नाही. दाढीच्या नोंदीवरून होतं.

हे ढीग वर्षवार मांडले की फॅशन सरकताना दिसते. १७६५ च्या फेब्रुवारीत लंडनच्या विग बनवणाऱ्यांनी तिसऱ्या जॉर्ज राजाकडे अर्ज केला, की लोक स्वतःचे केस राखू लागले, आमचा धंदा बुडाला, काहीतरी करा. अर्ज घेऊन निघालेल्यांतल्या काहींच्या डोक्यावर विग नव्हता, हे रस्त्यावरच्या लोकांनी पाहिलं आणि चिडून त्यांचेच केस कापले. समुद्रापलीकडे अमेरिकेत ती लाट कधी आणि किती पोहोचली, याचं उत्तर तुमच्या हातातल्या वहीत आहे. विगच्या नोंदी दर वर्षी किती आणि केस विंचरण्याच्या किती, एवढंच मोजायचं.

विल्यम्सबर्गची वही असेल तर एप्रिल आणि ऑक्टोबर वेगळे काढून पाहा. तेव्हा ते गाव व्हर्जिनियाची राजधानी होतं आणि या दोन महिन्यांत जनरल कोर्ट, म्हणजे वसाहतीचं वरिष्ठ न्यायालय, भरायचं. लांबलांबच्या परगण्यांतून वकील, मळेवाले, फिर्यादी, देणेकरी यायचे आणि गाव दुपटीनं फुगायचं. गावकऱ्याच्या खात्यात दाढी वर्षभर सारखी पडते. पाहुण्याच्या खात्यात सहा महिन्यांनी गठ्ठ्यानं. या एका फरकानं, कुठल्याही चरित्रग्रंथात न डोकावता, कोण गावचा आणि कोण बाहेरचा ते वेगळं होतं.

एवढं झाल्यावर उजव्या पानाकडे या. पण त्याआधी विग कसा व्हायचा ते डोळ्यांसमोर आणा, कारण जमेची बाजू त्याशिवाय उलगडत नाही. गिऱ्हाइकाच्या डोक्याची मापं घ्यायची. केस लांबीनुसार आणि रंगानुसार निवडायचे. माणसाचे, घोड्याचे, बकरीचे, याकचेसुद्धा. मातीच्या नळ्यांवर ते गुंडाळून पाण्यात उकळायचे, वाळवायचे, मग पिठाच्या आवरणात घालून भट्टीत भाजायचे, म्हणजे वळण पक्कं बसतं. भट्टी पाववाल्याची. मग ताणलेल्या रेशमी धाग्यांवर एकेक झुबका गुंफून पट्ट्या तयार करायच्या आणि त्या लाकडी डोक्यावर बसवलेल्या जाळीच्या टोपीला रांगेनं शिवायच्या. शेवटी विंचरणं, पोमेड, पावडर. पोमेड चरबीचं, सुवास घातलेलं. पावडर स्टार्चची.

आता सांगा, उजव्या पानावर पाववाल्याच्या नावाखाली जमा दिसली तर ती फक्त पावाची आहे का? भट्टी वापरल्याचं भाडंही असू शकतं. खाटकाकडून आलेली चरबी न्हाव्याच्या जेवणात गेली की बरणीत? रेशीम, फिती, जाळी विकणारा व्यापारी स्वतःच गिऱ्हाईकही असेल, तर त्याच्या दाढीचे पैसे त्याच्या मालात फिटले असतील. वसाहतींत नाण्यांचा तुटवडा कायमचा. मका, लाकूडफाटा, गवत, रम, मांस, जोडे, कपडा, कशातही फेड व्हायची. व्हर्जिनियात तंबाखूच्या गोदामाची पावती पैशासारखी फिरायची. १७३० च्या तपासणी कायद्यानंतर ती व्यवस्था बसली. म्हणून प्रत्येक जमेपुढे ‘कशात’ असा रकाना करा, आणि ‘बाय कॅश’ सोडून जे जे येईल ते जसंच्या तसं भरा.

दुसरा रकाना ‘कुणामार्फत’. ‘अमक्यावरच्या तुमच्या चिठ्ठीनं’ अशा अर्थाच्या नोंदी येतात. समजा, चांभाराकडून गिऱ्हाइकाला पैसे येणे आहेत आणि गिऱ्हाइकाला न्हाव्याचे देणे. गिऱ्हाईक चिठ्ठी लिहून देतो, न्हावी ती घेऊन चांभाराकडे जातो आणि जोड्यांची जोडी घेऊन येतो. एकही नाणं न हलता तिघांचा हिशेब पुढे सरकतो. अशा चिठ्ठ्यांची नावं कागदावर गोल काढून रेघांनी जोडा. गावात कोण कुणाच्या शब्दावर माल देत होतं, याचं जाळं त्यातून उभं राहतं. माझ्या मते न्हाव्याच्या वहीतून मिळणारी ही सगळ्यात मोलाची गोष्ट, कारण त्याच्या खुर्चीत गव्हर्नरच्या सल्लागारापासून खानावळवाल्यापर्यंत सगळे येऊन बसायचे. इतका मिसळलेला गाव लोहाराच्या किंवा शिंप्याच्या वहीत क्वचित सापडतो.

तिसरा रकाना ‘किती दिवसांनी’. माल दिल्याची तारीख आणि पैसे आल्याची तारीख यांतलं अंतर. वर्षाच्या कराराची दाढी वर्षअखेर फिटायची, ते धरून चाला. पण दोन वर्षं, तीन वर्षं उलटलेली खातीही असतात आणि ती बऱ्याचदा बड्या नावांची असतात. न्हावी त्यांना दारातून परत पाठवू शकत नव्हता. शेवटी दोघं आपापल्या वह्या घेऊन समोरासमोर बसायचे, शिल्लक ठरवायचे आणि खाली दोघांच्या सह्या. ती सह्यांची ओळ मिळाली तर तिचं चित्र स्वतंत्र ठेवा. नाही जमलं तर कोर्ट होतं, आणि तिथे दुकानदाराची वही, त्याच्या शपथेसह, पुरावा म्हणून चालायची. वही इतकी जपून का लिहिली जायची आणि जपून का ठेवली गेली, ते यातून कळतं.

हिशेब मिटला की नाही, या प्रश्नाला किती वजन होतं ते पाहायचं असेल तर १७७० च्या ५ मार्चची बॉस्टनमधली संध्याकाळ आठवा. किंग स्ट्रीटवर जॉन पीमाँट नावाचा विग बनवणारा होता. त्याच्याकडे शिकायला असलेला एडवर्ड गॅरिक हा मुलगा रस्त्यात ओरडला, की हा ब्रिटिश अधिकारी माझ्या धन्याचे पैसे बुडवतो. अधिकाऱ्याचं नाव जॉन गोल्डफिंच. त्यानं पैसे दिलेले होते, पावती त्याच्या खिशात होती. तो काही न बोलता पुढे गेला. पहाऱ्यावरच्या ह्यू व्हाइट या शिपायाची मुलाशी बाचाबाची झाली, त्यानं मुलाला बंदुकीचा तडाखा दिला, गर्दी जमली, बर्फाचे गोळे आणि काठ्या आल्या, कुमक आली आणि गोळ्या सुटल्या. पाच माणसं मेली. बॉस्टनचं हत्याकांड म्हणतात ते हेच. त्या रागामागं गावात ठाण मांडून बसलेलं सैन्य होतं, एका बिलामुळे तो पेटला असं मी म्हणणार नाही. पण मी जेव्हा ‘बाय कॅश’ ही ओळ उतरवते तेव्हा तो मुलगा आठवतो. पैसे आल्याची ओळ धन्याच्या वहीत पडते. दाढी करणारा, विग पोहोचवणारा शिकाऊ मुलगा ती ओळ पाहतोच असं नाही. म्हणून तुमच्या तक्त्यात ‘येणे’ असा शिक्का मारण्याआधी पुढची वही, शिल्लक पुढे नेल्याची नोंद आणि जुन्या वहीकडे बोट दाखवणारी ओळ, तिन्ही तपासा. दोन-अडीचशे वर्षांनी कुणाला देणेकरी ठरवायचं तर तेवढं आपण त्याचं देणं लागतो.

न्हाव्याच्या वहीला साक्षीदार बाहेर शोधा. गिऱ्हाइकाची स्वतःची वही मिळाली तर सोनंच: वॉशिंग्टनच्या खतावण्या आहेत, जेफरसनच्या रोजखर्चाच्या टिपणवह्या छापून आल्या आहेत. तिथली तारीख आणि न्हाव्याकडची तारीख शेजारी ठेवून पाहा. ‘व्हर्जिनिया गॅझेट’ १७३६ पासून निघायचं आणि त्याचे अंक आता घरबसल्या वाचता येतात. दुकान हललं, भागी मोडली, लंडनहून माल आला, सगळ्यांनी आपापली उधारी चुकती करावी, असल्या जाहिराती त्यात असतात. आणि न्हावी वारल्यावर त्याच्या मालमत्तेची यादी झाली असेल तर ती काढा. वस्तरे, लाकडी डोकी, केसांचे पुडे, नळ्या, आणि वहीतली येणी.

शेवटचा टप्पा म्हणजे खातं नसलेली माणसं. लग्न झालेल्या बाईची खरेदी कायद्यानं नवऱ्याच्या खात्यावर पडायची. म्हणून पुरुषाच्या खात्यात ‘टेट’ किंवा कुरळ्या बटांची जोडी दिसली की ती कुणासाठी, हे ओळीतल्या दोन शब्दांवरून शोधा. नाही सापडलं तर रकाना मोकळा ठेवा, पण रकाना असू द्या. बाईच्या स्वतःच्या नावाचं खातं दिसलं तर ती बहुधा विधवा किंवा अविवाहित.

आणि गुलाम माणसं. त्यांची नोंद दोन तऱ्हांनी येते. कधी मालकाच्या खात्यावर, ‘तुमच्या अमक्याची हजामत’ म्हणून, फक्त पहिलं नाव. कधी ती मुळीच येत नाही, कारण वस्तरा धरणारा हात त्यांचाच असायचा. त्या काळच्या वर्तमानपत्रांत पळून गेलेल्या गुलामांच्या जाहिराती आहेत, आणि त्यांतल्या काहींत तो माणूस चांगली दाढी करतो, केस विंचरतो, विग सजवतो असं लिहिलेलं असतं. ते कसब कुठल्यातरी दुकानात, कुठल्यातरी खुर्चीमागं उभं राहून शिकलेलं होतं. त्याची मजुरी धन्याच्या वहीत धन्याच्या नावानं जमा झाली. अशा ओळीत दर असतो, तारीख असते, मालकाचं आडनाव मोठ्या अक्षरात असतं. मी माझ्या तक्त्यात ‘कुणाचं काम’ आणि ‘कुणी केलं’ असे दोन रकाने मालकाच्या रकान्याच्या आधी ठेवले आहेत, आणि वहीत एक जरी नाव दिलेलं असलं तरी ते तिथे, जसं लिहिलंय तसं, आधी भरते.